आयकिडोचे शिक्षक कुठून आले, कसं शिकवतात? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आयकिडो या जपानी युद्धकलेचा आमचा वर्ग नागपुरात लक्ष्मीनगरच्या बाजूला एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये भरतो. लग्नाच्या तिथी असल्या की हॉल मिळत नाही, मग तेवढे दिवस मॅट उचलून शेजारच्या शाळेच्या व्हरांड्यात जातो. दारात चपला काढता काढता पालक जे विचारतात, ते मी काही वर्षं एका वहीत टिपत आले. फी आणि वेळ यांचे प्रश्न दोन वाक्यांत आटोपतात. उरलेले जवळजवळ सगळे आमच्याविषयी असतात: तुम्ही कोण, कुणाकडे शिकलात, आमच्या मुलीचं मनगट धरणारा माणूस कसा आहे. हे विचारायलाच हवं. शिकवणाऱ्याचं आधीचं आयुष्य त्याच्या आयकिडोत उतरतंच, अगदी ही विद्या घडवणाऱ्यांच्या बाबतीतही तेच झालं. म्हणून उत्तरं जरा सविस्तर लिहिते.

तुमच्याकडे शिकवतं कोण?

तिघं जण. सगळ्यांत ज्येष्ठ आमचे दादा. लहानपणी महालातल्या एका तालमीत लाल मातीत कुस्ती खेळले, रेल्वेत लागल्यावर ज्युदो केलं, आणि पस्तिशी गाठल्यावर आयकिडोकडे वळले. अजनीला फिटर होते, आता निवृत्त आहेत. दुसरी मी. ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, शाळेत असताना कबड्डी खेळायचे. तिसरा आमचाच विद्यार्थी. अकराव्या वर्षी आईचा हात धरून आला होता, आता फिजिओथेरपिस्ट आहे आणि लहान मुलांची बॅच तोच घेतो.

तिघांची तऱ्हा वेगळी. दादा कुणाचंही तंत्र बघताना आधी पायांकडे बघतात. मातीत पाय हलका पडला की माणूस गेला, हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. हात चुकले तर ते एकदा सोडून देतील, पाय चुकला तर तिथेच थांबवतील. मला प्रयोगशाळेची सवय, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आज फक्त वळण्याचं पाऊल, बाकी कसंही होऊ दे. आणि तिसरा सर सांध्यांच्या भाषेत बोलतो. मुलांना तो स्वतःच्या मनगटाची दोन हाडं बोटांनी चाचपायला लावतो, आणि ती एकमेकांवर कशी फिरतात हे कळल्यावरच मनगटाचं तंत्र दाखवतो.

तिघंही नोकरी-धंदा सांभाळून शिकवता. मग हे हौशी काम नाही का?

हा प्रश्न मला पहिल्यांदा लागला होता. आता लागत नाही, कारण उत्तर आयकिडोच्या इतिहासातच आहे.

संस्थापक मोरिहेई उएशिबा (1883 ते 1969). त्यांचे चिरंजीव किशोमारू हे पुढे दुसरे दोशू, म्हणजे या परंपरेचे प्रमुख झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर टोकियोतल्या मुख्य दोजोच्या, म्हणजे सरावाच्या वास्तूच्या, जागेत घरं गमावलेली कुटुंबं आसऱ्याला राहत होती. वडील इवामा नावाच्या गावी शेती आणि साधना करत होते. दोजो चालवायला पैसा नव्हता. किशोमारूंनी शेअर-रोख्यांच्या एका कंपनीत नोकरी धरली आणि ती सांभाळून शिकवत राहिले. आज जगभर जो आयकिडो दिसतो, त्याची घडी बसवण्याचं मोठं काम या नोकरदार माणसाने केलं आहे. तंत्रांना पद्धतशीर नावं देणं, सर्वसामान्यांना दार उघडणं, शिक्षक परदेशी पाठवणं, हे सगळं त्यांच्या काळातलं.

आणि मोरिहिरो साइतो. 1946 मध्ये, अठराव्या वर्षी, ते इवामाला उएशिबांकडे गेले. रेल्वेत कामाला होते. चोवीस तास ड्युटी, पुढचे चोवीस तास मोकळे, अशी पाळी. मोकळा दिवस गुरूच्या शेतात आणि दोजोत. युद्धानंतरच्या पडझडीत बाकीचे शिष्य पांगले, पण या रेल्वेवाल्याला पाळीमुळे दिवसा वेळ मिळायचा, म्हणून तलवार आणि काठीचा गुरूचा सराव त्यांना जवळून मिळत गेला. 1969 पर्यंत, गुरू जाईपर्यंत, ते तिथेच होते. दादांना ही गोष्ट मी सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. रात्रपाळी करून सकाळी सहाच्या बॅचला सरळ येणं म्हणजे काय, हे त्यांनी वीस वर्षं केलेलं आहे.

आमच्यापैकी कुणाचंही घर या वर्गावर चालत नाही. याचा एक फायदा विद्यार्थ्यांना होतो: कुणाला पुढची परीक्षा द्यायला लावण्यात, लवकर बेल्ट देण्यात आमचा काही स्वार्थ नसतो.

तुमचं घराणं कोणतं?

हा शब्द एका संगीतशिक्षक बाबांनी वापरला होता. मी तेव्हापासून तोच वापरते, कारण तो चपखल आहे. राग एकच, पण किराण्याचा सूर आणि जयपूरची लय वेगळी ऐकू येते. आयकिडोतही गुरू एक, आणि शिष्यांनी आपापल्या स्वभावाने घराणी उभी केली.

मूळ गुरूंपासूनच सुरुवात करू. उएशिबा 1915 मध्ये होक्काइदोत सोकाकू ताकेदांना भेटले आणि त्यांच्याकडून दाइतो-र्‍यू ही जुनी, कठोर कला शिकले. पुढे ओमोतो या नव्या धर्मपंथाच्या ओनिसाबुरो देगुचींच्या सहवासात आले. एका बाजूला मोडून टाकणारी तंत्रं, दुसऱ्या बाजूला प्रार्थना आणि शेती. या दोन्हींचं त्यांच्या आत जे झालं, तेच आयकिडो. आणि ते आयुष्यभर बदलत राहिलं. त्यामुळे ज्याने त्यांना 1930 च्या दशकात पाहिलं त्याला एक गुरू मिळाला, ज्याने 1960 च्या दशकात पाहिलं त्याला दुसरा. माझ्या मते शिष्यांमधल्या फरकाचं निम्मं कारण एवढंच आहे.

गोझो शिओदा 1932 मध्ये आले, म्हणजे कडक काळात. अंगाने अगदी लहानखुरे. त्यांनी 1955 मध्ये योशिनकान ही स्वतःची शाखा स्थापन केली. त्यांच्याकडे शिकणारे नुसते गावातले हौशी नव्हते, पोलीसही होते. मोठ्या रांगांना एकाच वेळी शिकवायचं तर हालचाल आकड्यांवर बसवावी लागते. म्हणून योशिनकानमध्ये सहा मूलभूत हालचाली मोजून, थांबून, पुन्हा पुन्हा घोटल्या जातात. आपल्याकडे शाळेत कवायत केलेल्याला ती पद्धत लगेच पटते.

केन्जी तोमिकी हे ज्युदोचे आणि विद्यापीठाचे. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानोंचे शिष्य, पुढे वासेदा विद्यापीठात प्राध्यापक. त्यांचा आग्रह असा की ज्युदोत जसा खुला सामना आहे तसा इथेही हवा, नाहीतर तंत्र खरंच चालतं की नाही हे विद्यार्थ्याला कळणार कसं? त्यांनी 17 तंत्रांचा पाया आखला आणि रबरी सुऱ्याची स्पर्धा आणली. उएशिबांना स्पर्धा मुळीच मान्य नव्हती. हा वाद मिटलेला नाही, आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं मला गंभीर वाटतं.

कोइची तोहेई यांची गोष्ट आपल्या लोकांना सांगायला मला विशेष आवडते. ते 1953 मध्ये हवाईला गेले आणि जपानबाहेर आयकिडो नेणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी एक झाले. उएशिबांखेरीज त्यांच्यावर तेम्पू नाकामुरांचा मोठा प्रभाव होता. हे नाकामुरा सांगत की क्षयाने खंगलेले असताना हिमालयाच्या बाजूला एका योग्याकडे राहून त्यांनी योगाभ्यास केला. तोहेईंनी तोच धागा पकडून मन आणि शरीर एक करण्यावर सगळी शिकवण उभी केली, आणि 1974 मध्ये मुख्य संस्थेपासून वेगळे झाले. त्यांचा 'न वाकणारा हात' आम्ही पहिल्याच आठवड्यात करतो. हात पुढे करा, मूठ आवळा, कोपर ताठ ठेवा. जोडीदार दोन्ही हातांनी वाकवतो आणि हात वाकतो. आता मूठ सोडा, खांदा खाली येऊ द्या, बोटांतून समोरच्या भिंतीपर्यंत पाणी वाहतंय असं धरा. तोच जोडीदार, तेवढाच जोर, पण हात बहुतेक वेळा टिकतो. यात जादू काही नाही. पहिल्या वेळी वाकवणारे स्नायूही आपणच आवळलेले असतात. आमचा फिजिओ सर हे मुलांना दंडावर हात ठेवून दाखवतो.

आणि आम्ही? आमचा मुख्य धागा टोकियोच्या होम्बू, म्हणजे मुख्य, दोजोच्या परंपरेचा, आयकिकाइ या मुख्य संस्थेचा. काठी आणि लाकडी तलवार मात्र साइतोंच्या पद्धतीने, कारण दादा तसे शिकले. आठवड्यातून एकदा मी योशिनकानसारखं मोजून शिकवते. घराण्याचा अभिमान आहे, पण दुसऱ्याचं चांगलं ऐकल्यावर कान बंद करून घेणं आम्हाला जमत नाही.

तुम्ही किती डानचे आहात, आणि त्याचा अर्थ काय?

डान म्हणजे काळ्या बेल्टच्या पायऱ्या. दादा चौथ्या डानचे, मी तिसऱ्या, धाकटा सर पहिल्या. पहिल्या डानला शोदान म्हणतात आणि त्यातल्या 'शो'चा अर्थ आरंभ. काळा बेल्ट म्हणजे सगळं आलं, अशी आपल्याकडे समजूत आहे. प्रत्यक्षात मुळाक्षरं गिरवून झाली, आता वाचायला लागा, इतकाच तो शेरा.

काळ्या बेल्टआधीच्या पायऱ्यांना क्यू म्हणतात, त्या पाचव्यापासून पहिल्यापर्यंत उतरत्या मोजतात. होम्बू दोजोच्या नियमांत पाचव्या क्यूला किमान 30 दिवसांचा सराव लागतो, मग 40, 50, 50, 60, आणि पहिल्या क्यूनंतर शोदानसाठी 70. बेरीज केली तर 300 दिवस. हे प्रत्यक्ष मॅटवर आलेले दिवस आहेत, कॅलेंडरचे नव्हेत. आठवड्यात तीन दिवस येणाऱ्याला खाडे न करता दोन वर्षं लागतील. परीक्षा, लग्नं, दिवाळी, आजारपण धरलं तर चार-पाच. दुसऱ्या डानसाठी आणखी किमान एक वर्ष आणि 200 दिवस. त्यामुळे कुणी सहा महिन्यांत काळा बेल्ट देतो म्हणाला, तर तुम्ही स्वतःच हिशेब करू शकता.

शिकवणाऱ्यांसाठी फुकुशिदोइन, शिदोइन आणि शिहान अशी बिरुदं आहेत, साहाय्यक शिक्षकापासून आचार्यापर्यंत. मुलं आम्हाला सर, ताई आणि दादाच म्हणतात. तेच बरं आहे.

माह्या पोरीले मार लागन का हो?

हा प्रश्न एका आईने अगदी अशाच शब्दांत विचारला होता, मुलीचा हात घट्ट धरून. मी तिला खरं तेच सांगितलं: खरचटेल, गुडघ्याची साल जाईल, कधी मनगट दोन दिवस दुखेल. त्याहून जास्त झालं तर तो आमचा दोष.

माझ्यापुरतं सांगते. शिकायला लागून चार वर्षं झाली होती तेव्हा मी दुसऱ्या एका शहरातल्या शिबिराला गेले होते. शिकवणाऱ्याने प्रात्यक्षिकासाठी मला पुढे बोलावलं. कोतेगाएशी, म्हणजे मनगट बाहेरच्या बाजूला वळवून पाडणं. बघणाऱ्यांवर छाप पडावी म्हणून असेल, त्याने मला पडायला वेळच दिला नाही. मनगटात काहीतरी सरकल्याचं मला पडण्याआधी कळलं. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. तीन महिने मी फळ्यावर डाव्या हाताने लिहीत होते, आणि अजूनही पावसाळी हवेत ते मनगट आठवण करून देतं. पण खोलवर लागलं ते दुसरंच. मी हात त्याच्या हवाली केला होता. आयकिडोत प्रत्येक तंत्राच्या सुरुवातीला कुणीतरी आपलं शरीर दुसऱ्याला उसनं देतं. उसनं घेतलेलं जसंच्या तसं परत करायचं असतं.

म्हणून आमच्याकडे पहिले दोन महिने पाडणं नाहीच, नुसतं पडणं. याला उकेमी म्हणतात. नऊ वर्षांचं मूल ते कसं शिकतं बघा. आधी उकिडवं बसायचं. हनुवटी छातीला. नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर, कारण गाठीकडे बघत राहिलं की डोकं मागे आपटत नाही. मग बूड टाचांजवळ टेकवून पाठ गोल करत मागे लोळायचं, दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, तळवे खाली, मॅटवर एकदम. पहिल्या दिवशी मुलं तळहात टेकवून पडणं थांबवायला बघतात, आणि मनगटं तिथेच मोडतात. ती सवय सुटायला वेळ लागतो. एका मुलाला पाच आठवडे लागले. तो रोज यायचा, उकिडवा बसायचा, आणि अर्ध्यात हात मागे टेकायचा. धाकटा सर रोज त्याच्या शेजारी स्वतः उकिडवा बसायचा आणि त्याच्याबरोबर पडायचा. एका सकाळी दोघांच्या हातांचा आवाज एकाच वेळी आला. सर काहीच बोलला नाही, नुसता पुन्हा उकिडवा बसला.

डोक्याला मार बसणं हा आयकिडोतला सगळ्यांत गंभीर धोका आहे. शिहोनागे नावाच्या तंत्रात हात खांद्यामागे दुमडून माणूस पाठीवर पडतो. नवख्याला जोरात टाकलं तर डोक्याची मागची बाजू आधी लागते. ते तंत्र आम्ही नवशिक्यांना अर्ध्यावर थांबवून करायला लावतो. वाढीच्या वयातल्या मुलांच्या सांध्यांवर पूर्ण कुलूप लावायचं नाही, म्हणजे सांधा शेवटपर्यंत वळवून अडकवायचा नाही, हा नियम फिजिओ सरने आणला आणि दादांनीही तो मानला.

मुलींच्या बॅचला बाई असते का? हात लावून शिकवता म्हणून विचारलं.

असते. मी नसेन तर मोठ्या विद्यार्थिनींपैकी कुणीतरी हजर असतेच, आणि हॉलचं दार बंद होत नाही. पालकांनी बाकावर बसून पूर्ण तास बघितलं तरी आमची हरकत नाही.

कुणालाही धरायचं तर आधी सांगून धरायचं. जोडीदार नको असेल तर कारण न देता बदलता येतो. पाठीमागून धरण्याची तंत्रं किशोरवयीन मुलींना मीच शिकवते. आणि जोडीदाराने हाताने किंवा मांडीवर दोनदा थापटलं की त्याच क्षणी सोडायचं. दादा याबाबतीत कडक आहेत. थाप ऐकूनही अर्धा सेकंद उशिरा सोडलेल्या एका चांगल्या विद्यार्थ्याला त्यांनी महिनाभर फक्त पडायला लावलं होतं.

सर ओरडत नाहीत, फार समजावूनही सांगत नाहीत. मुलं शिकतात कशी?

जपानी परंपरेत 'मितोरी-गेइको' म्हणतात, बघून शिकणं. शिक्षक तंत्र तीन-चार वेळा दाखवतो आणि बाजूला होतो. उजवीकडून, डावीकडून, समोरून, पाठमोरा. प्रत्येक वेळी वेगळं काहीतरी दिसतं. दादा या पद्धतीचे. त्यांच्या तालमीतले वस्तादही तसेच होते: बोलायचे कमी, पेच अंगावर करून दाखवायचे.

मला हे पूर्ण पटत नाही, आणि ते मी त्यांच्यासमोरही म्हणते. बघून शिकणं ज्यांना जमतं त्यांना ही पद्धत छान. वर्गात दोन-चार जणांना ते जमत नाही, आणि ती मुलं स्वतःलाच मठ्ठ समजून येणं सोडतात. मी सांगते, पायाखाली खडूने रेघ मारते, चुकलेलं पाऊल हळू करून दाखवते. दादांचं म्हणणं, इतकं सांगितलं की मुलं तुझ्या तोंडाकडे बघतात, जोडीदाराकडे नाही. त्यांचंही खरं आहे. कितीतरी वेळा मी अर्धं वाक्य गिळून गप्प उभी राहते.

ओरडण्याबद्दल तिघांचं एकमत आहे. घाबरलेलं मूल श्वास धरतं, श्वास धरला की अंग ताठतं, आणि ताठ अंगाने पडलं की लागतं. आवाज चढवायचा तो फक्त 'थांबा' म्हणायला.

स्पर्धा, मेडल, दहावीला खेळाचे गुण?

आमच्या वर्गातून यातलं काही मिळणार नाही. त्यासाठी शहरात ज्युदो, तायक्वांदो, कुस्तीचे चांगले वर्ग आहेत, तिकडे जरूर पाठवा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी शंभर वर्षांहून जुनी संस्था विदर्भातच आहे.

जपानी बाबांच्या फोटोसमोर वाकायचं म्हणजे हा धर्माचा भाग आहे का?

नाही. उएशिबा स्वतः फार श्रद्धाळू होते, पण ती श्रद्धा त्यांनी शिष्यांवर लादली नाही, आणि त्यांच्या बऱ्याच भाषणांचा अर्थ तेव्हाच्या शिष्यांनाही लागत नसे. वाकणं हा जपानी रीतीचा नमस्कार आहे. आमच्या वर्गात नमाज पढणारी मुलं आहेत, बुद्धवंदना म्हणणारी आहेत, चतुर्थीचा उपास करणारीही. ज्याला फोटोसमोर वाकायचं नाही तो नुसता शांत बसतो. जोडीदाराला मात्र प्रत्येकाने वाकून नमस्कार करायचाच, कारण तो तुम्हाला अंग देतोय.

तसा जपान नागपूरकरांना परका नाहीच. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर सगळ्यांनी पाहिलेलं आहे. भदंत सुरेई ससाई जपानमधून आले आणि इथलेच झाले. 1988 मध्ये त्यांना भारतीय नागरिकत्व मिळालं. आणि 'दोजो' या शब्दाचं मूळ तर आपल्याकडेच आहे. बुद्धांना जिथे बोधी प्राप्त झाली त्या जागेला संस्कृतात बोधिमंड म्हणतात. त्याचं चिनी भाषांतर जपानमध्ये गेलं, त्याचा उच्चार दोजो झाला, आधी विहारातल्या साधनेच्या जागेसाठी आणि पुढे युद्धकलेच्या जागेसाठी. दीक्षाभूमीच्या इतक्या जवळ मॅट झाडताना मला हे आठवतं आणि झाडू जरा नीट मारला जातो.

रस्त्यावर कुणी अंगावर आलं तर याचा उपयोग होईल?

वर्षभराच्या सरावावर कुणाशी दोन हात करता येतील, असं आम्ही कुणालाच सांगत नाही. आयकिडोला वेळ लागतो, आणि आमच्या सरावात जोडीदार सहकार्य करतो. रस्त्यावरचा माणूस करणार नाही. तोमिकींचा आक्षेप नेमका इथेच होता.

लवकर मिळतं ते वेगळं. अंतराचा अंदाज येतो, जपानीत माआइ म्हणतात तो. समोरचा हात लांबवून पोचेल की त्याला पाऊल टाकावं लागेल, हे डोळ्यांना कळायला लागतं. रेषेतून बाजूला होण्याची सवय लागते. आणि पडता येतं. आमच्या एका विद्यार्थिनीची स्कूटी पावसात वर्धा रोडवर घसरली. हनुवटी छातीला आणि खांद्यावरून गोल, ती उठून उभी राहिली. वर्गातल्या इतक्या वर्षांत पडण्याचा उपयोग मी असा कितीदा तरी ऐकला आहे, मनगट पिळण्याचा मात्र एकदाही नाही.

शिक्षक चांगला आहे हे आम्हाला कसं कळणार? आम्हाला यातलं काही कळत नाही.

कळतं. तंत्राकडे बघू नका, ज्याच्यावर तंत्र करतात त्याच्याकडे बघा. शिक्षकाने पाडलेला विद्यार्थी उठताना कसा दिसतो? पुन्हा हल्ला करायला मोकळेपणाने येतो, की खांदे आवळून? शिक्षक प्रात्यक्षिकाला नेहमी एकाच लवचीक, जुन्या मुलाला बोलावतो की जाडजूड, नवख्या, अवघडलेल्या माणसालाही? अवघडलेल्या माणसावर तंत्र सुबक दिसत नाही, म्हणून बरेच जण टाळतात. जो टाळत नाही त्याच्याकडे शिका.

आणि तो स्वतः पडतो का, हे बघा. माझ्या दृष्टीने हे सगळ्यांत महत्त्वाचं. वय झालं, पाठ धरली, तर उंच पडणं बंद होतं, ते समजू शकतं. पण शिकवण्याच्या पदावर पोचल्यावर ज्याने आपलं मनगट विद्यार्थ्याच्या हातात देणंच थांबवलं, त्याला विद्यार्थ्याच्या हातात काय चाललंय हे कळायचं थांबतं. दादांचे गुडघे आता गेलेत. गुडघ्यांवर बसून करायची तंत्रं, सुवारी-वाझा, ते दाखवू शकत नाहीत. ती मी दाखवते. पण रोज तासाच्या शेवटी ते भिंतीशी खुर्ची ओढून बसतात आणि सगळ्यांत नव्या मुलाला बोलावून आपला उजवा हात पुढे करतात. मूल दोन्ही हातांनी मनगट वळवतं. दादा डोळे मिटून सांगतात, अंगठा जरा वर, हां, आता लागलं. आणि मांडीवर दोनदा थापटतात.

आधी एकदा नुसतं बघायला येऊ का?

याच. मुलाला लगेच आणू नका, तुम्ही या. सकाळची बॅच सहाला, उन्हाळ्यात साडेपाचला; नवतप्यात पत्र्याखालचा तो हॉल सात वाजताच तापतो आणि दोन्ही कूलर लावूनही मॅट कोमट लागते. दारातून आत आल्यावर डाव्या हाताला बाक आहे. पाण्याची बाटली आणा. अशोक विजयादशमीच्या सुमारास दीक्षाभूमीकडचे रस्ते गर्दीमुळे बंद असतात, तेव्हा वर्गही बंद असतो. लग्नाची तिथी असेल तर मंगल कार्यालयाच्या दारावर मांडव दिसेल. मग शेजारच्या शाळेच्या फाटकातून आत या, व्हरांड्यातून हातांचे आवाज येत असतील.